घंटा वाजते तेव्हा

[पडद्यावर : बीजिंग, १७ ऑगस्ट २००८. आठ लेनचा निळा तलाव.]

दीड हजार मीटर म्हणजे पन्नास मीटरच्या तलावाच्या तीस फेऱ्या. शेवटचे शंभर मीटर उरले की काठावर घंटा वाजवतात. हात शिशासारखे जड झालेले असतात, आणि नेमका तेव्हाच वेग वाढवायचा असतो.

ऑस्ट्रेलियाचा ग्रँट हॅकेट सिडनी आणि अथेन्समध्ये ही शर्यत जिंकून आलेला. त्याला तिसरं सुवर्ण हवं होतं. ते मिळालं नाही. १४ मिनिटं ४०.८४ सेकंदांनी भिंतीला आधी हात लागला तो ट्युनिशियाच्या उसामा मेलूलीचा. जवळजवळ पाव तास पोहून दोघांत अंतर उरलं ६९ शतांश सेकंदाचं! ट्युनिशियाला ऑलिम्पिक सुवर्ण मिळालं ते तब्बल चाळीस वर्षांनी. १९६८ मध्ये मेक्सिकोत धावपटू मोहम्मद गम्मूदीनं मिळवलं होतं, त्यानंतर थेट हेच.

[पडद्यावर : भूमध्य समुद्राचा किनारा, ला मार्सा.]

उसामाचा जन्म ट्युनिस शहराला लागून असलेल्या या गावचा, १९८४ सालचा. पंधराव्या वर्षी तो सरावासाठी फ्रान्सला गेला, सोळाव्या वर्षी सिडनी ऑलिम्पिकमध्ये उतरला. (आपला कोल्हापूरचा वीरधवल खाडेही बीजिंगच्या त्याच तलावात पहिलं ऑलिम्पिक पोहला, तेव्हा सोळाच वर्षांचा होता.) पुढे लॉस एंजेलिसमध्ये विद्यापीठाचं शिक्षण आणि सराव एकदमच सुरू झाले.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. अभ्यासाचं काम वेळेत संपवायला उसामानं एक गोळी घेतली, अ‍ॅडरॉल. ती बंदी असलेल्या औषधांत मोडते. २००६ च्या अखेरीस चाचणीत तो दोषी ठरला. अठरा महिन्यांची बंदी आली आणि मेलबर्नच्या जागतिक स्पर्धेतलं ८०० मीटरचं सुवर्णही काढून घेतलं गेलं. शिक्षा योग्यच होती, असं मला वाटतं. पण बंदी उठली मे २००८ च्या अखेरीस, आणि बीजिंगची ती अंतिम शर्यत अडीच महिन्यांवर होती. हे आठवलं की त्या शेवटच्या शंभर मीटरकडे मी वेगळ्या नजरेनं बघतो.

[पडद्यावर : लंडन, २०१२. हाइड पार्कमधला सर्पेंटाइन तलाव.]

लंडनला दीड हजार मीटरमध्ये कांस्य मिळालं. अठ्ठावीस वर्षांचा माणूस तेवढ्यावर घरी गेला असता, तरी कुणी नावं ठेवली नसती. उसामा सहाच दिवसांनी उघड्या पाण्यात उतरला, दहा किलोमीटरसाठी.

इथे तळाशी काळी रेघ नाही, लेनचे दोर नाहीत. पाणी गढूळ. दर काही हातांनी डोकं वर काढून दिशा शोधायची; शेजारच्याची कोपरं बरगडीत बसतात, पाय तोंडावर येतात. तहान लागली की काठावरून लांब काठीच्या टोकाला लावलेला पेला पुढे येतो, तो पोहता पोहताच पकडायचा.

शेवटच्या फेरीत त्यानं घोळका मागे टाकला. १ तास ४९ मिनिटं ५५.१ सेकंद. जर्मनीचा टॉमस लुर्झ साडेतीन सेकंदांहून थोडा कमी मागे. तलावात आणि उघड्या पाण्यात, दोन्हीकडे ऑलिम्पिक सुवर्ण मिळवणारा पहिला जलतरणपटू एका छोट्या देशाचा निघाला.

[पडद्यावर : टोकियो, २०२१. पहाट.]

सदतिसाव्या वर्षी, सहाव्या ऑलिम्पिकमध्ये उसामा पुन्हा दहा किलोमीटरच्या रांगेत उभा आहे. डोक्यावर टोपी, डोळ्यांवर चष्मा. तो विसावा येतो.