कुणीतरी जाऊन विचारायला हवं

मंडळी, मी समाजशास्त्र शिकवते आणि दरवर्षी अॅडमिशनच्या दिवसांत एक प्रश्न हमखास ऐकते, आर्ट्स घेऊन पुढे करणार काय. पालकांचं मी चुकीचं म्हणत नाही, मुंबईतलं घरभाडं आणि क्लासच्या फिया बघितल्या की हा प्रश्न येणारच. पण त्याच्या आत अजून एक प्रश्न असतो, तो म्हणजे इतिहास, समाजशास्त्र, भाषा यातल्या संशोधनाचा लोकांना उपयोग काय आणि सरकारने त्यावर पैसे का घालायचे. त्यावर बोलायचंय, आणि लांबची उदाहरणं नकोत, आपल्या शहरातलीच घेऊया.

सप्टेंबर 1896. मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांच्या लक्षात आलं की हा साधा ताप नाही, प्लेग आहे. मग सरकारने काय केलं, तर गटारं धुतली, घरांत शिरून तपासण्या सुरू केल्या आणि आजारी माणसाला घरच्यांपासून उचलून आर्थर रोडच्या हॉस्पिटलात न्यायला लागले, म्हणजे आजचं कस्तुरबा. ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांचा मोठा जमाव त्याच हॉस्पिटलवर चालून गेला. शहरात अफवा होती की व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं ना, त्याचा बदला म्हणून तिने माणसांची काळजं मागवलीत. लोक इतके घाबरले की पुढच्या काही महिन्यांत निम्म्याच्या आसपास शहर गावाला निघून गेलं.

आता दुसरी बाजू बघा. जानेवारी 1897 मध्ये हाफकिन या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि आधी स्वतःला टोचून घेतली. म्हणजे विज्ञानाने आपलं काम चार महिन्यांत केलं होतं! अडलं ते माणसांपाशी. त्याच वर्षी साथरोग कायदा आला, पुण्यात सोल्जर घराघरांत घुसले, त्याचा शेवट जूनमध्ये रँडच्या खुनात झाला, हे आपण शाळेत शिकलोय.

हे सगळं आपल्याला नीट कळलं कारण इतिहासाच्या अभ्यासकांनी त्या काळातली वर्तमानपत्रं, म्युनिसिपालटीचे रिपोर्ट, पोलिसांचे कागद वर्षानुवर्षं बसून वाचले. आणि त्यातून दिसलं असं की त्या अफवा म्हणजे नुसता अडाणीपणा नव्हता. हॉस्पिटलात नेलेला माणूस बहुतेक वेळा परत यायचाच नाही, घरच्यांना जवळ जाता यायचं नाही, मग चाळीतल्या माणसाने हॉस्पिटलचा अर्थ काय लावायचा, त्याने लावला तोच ना? पुढे वेगवेगळ्या समाजांनी स्वतःची प्लेग हॉस्पिटलं काढली, ओळखीची माणसं देखभालीला आली, तेव्हा लोक यायला लागले. औषध तेच, फक्त विश्वास आला.

आणि 2020 मध्ये कोरोना आला तेव्हा लागू केला तो हाच, 1897 चा कायदा. धारावीत एप्रिलमध्ये पालिकेबरोबर तिथलेच दवाखानेवाले डॉक्टर घरोघरी गेले, ज्यांच्याकडे लोक वर्षानुवर्षं जात होते, आणि दारं उघडली. दुसरीकडे त्याच महिन्यात वांद्रे स्टेशनबाहेर घरी जायला मिळावं म्हणून कामगारांची गर्दी जमली, आणि सप्टेंबरमध्ये संसदेत विचारलं की घरी जाताना किती मजूर दगावले, तर उत्तर आलं की अशी माहितीच ठेवलेली नाही. याचा मला आजही राग येतो. इतकी माणसं पायी चालत गेली आणि त्यांची नोंद करावी असं कुणाला वाटलं नाही.

दुसरं उदाहरण गर्भजल परीक्षेचं. ऐंशीच्या दशकात आज पाचशे रुपये खर्च करा आणि पुढचे पाच लाख वाचवा अशा अर्थाच्या जाहिराती उघड केल्या जायच्या, पाच लाख म्हणजे हुंडा. टेस्ट होती बाळातले दोष ओळखायला, वापर व्हायला लागला मुलगी नको म्हणून. मुंबईतल्या बायका, कार्यकर्ते, अभ्यासक एकत्र आले, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन सर्व्हे झाला, त्यातून कळलं की हे एखाददुसऱ्या डॉक्टरचं काम नाही, बहुतेक जण करतायत. मग 1988 मध्ये महाराष्ट्राने कायदा केला, देशात पहिला, आणि 1994 मध्ये तो देशभरासाठी झाला. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली 1991 मध्ये 946 होत्या, 2001 मध्ये 913 आणि 2011 मध्ये 894. कुणी म्हणेल मग उपयोग काय झाला. मी म्हणते घसरण मोजली म्हणून तर कळली, आणि शिकलेल्या, पैसेवाल्या घरांतही मुलगी का नको असते हे कुठलं मशीन सांगणार नाही, ते त्या घरात बसून, सासूशी, सुनेशी, नवऱ्याशी बोलूनच कळतं. देवनारची लोकसंख्याशास्त्राची संस्था 1992–93 पासून देशभरातले कुटुंब आरोग्य सर्व्हे करतेय, अॅनिमिया, बालविवाह, घरातली मारहाण यावर आपण जे आकडे घेऊन भांडतो ते तिथूनच येतात.

एक तक्रार मात्र आमच्याच लोकांबद्दल आहे. आम्ही लिहितो इंग्रजीत, आणि जिने दोन तास काम सोडून मुलाखत दिली त्या बाईला ते कधी वाचायला मिळत नाही. हे बदलायलाच हवं, मराठीत लिहायला हवं आणि तिच्याकडे परत जायला हवं.

आता जे काम अगदी हातातोंडाशी आलंय ते सांगते. बीडीडी चाळी, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने शंभर वर्षांपूर्वी बांधलेल्या, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून 207 इमारती. 160 फुटांच्या खोलीतून लोक 500 फुटांच्या फ्लॅटमध्ये चाललेत, वरळीत चाव्या मिळाल्यासुद्धा, आणि मला याचा खरंच आनंद आहे, कॉमन संडासाच्या लाइनीत उभं राहिलेल्या माणसाला चाळीचे गोडवे ऐकवायचे नसतात. पण टॉवरचा मेंटेनन्स पेन्शनवर कसा भागणार, वरच्या मजल्यावरची म्हातारी दिवसभर कुणाशी बोलणार, डबे करणाऱ्या बाईची गिऱ्हाइकं तिच्याबरोबर राहतील का, दोन वर्षांनी किती जण घर भाड्याने देऊन बदलापूर-विरारला गेलेले असतील, हे आत्ताच विचारायला सुरुवात केली तर पुढच्या चाळींच्या प्लॅनमध्ये काहीतरी बदलता येईल. मुलामुलींनो, यासाठी लॅब नको, वही, फोनवरचा रेकॉर्डर आणि समोरच्याची परवानगी एवढं पुरतं. ज्यांना करायचंय त्यांनी थांबा, कुठल्या चाळीपासून सुरू करायचं ते आत्ताच ठरवू.