‘केवढ्याला?’च्या पुढचं बोलणं

नमस्कार श्रोतेहो.

कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझा एकच प्रश्न होता, ‘‘केवढ्याला?’’ घासाघीस झाली, चप्पल पिशवीत पडली. चार दिवसांत अंगठा सोलून निघाला आणि ती चप्पल माळ्यावर गेली.

दुसऱ्या खेपेला पाऊस लागला, म्हणून एका दुकानात थांबले. गिऱ्हाईक नव्हतं. चप्पल हातात घेऊन मी सहज विचारलं, ‘‘काका, हिला खिळे कुठं मारलेत?’’

‘‘खिळं कशाला, ताई? सगळी शिलाई वादीनं हाय.’’ वादी म्हणजे चामड्याचीच बारीक पट्टी. मग त्यांनी तळ उलटा करून दाखवला, वास घ्यायला लावला. बाभळीची साल आणि हिरडा यांत कातडं कसं कमावतात ते सांगितलं. वरची नाजूक वेणी घरातल्या बायका घालतात, हेही तेव्हाच कळलं. त्यानंतर ‘शंभर कमी करा’ हे शब्द माझ्या तोंडून निघेनात.

सोललेल्या अंगठ्याची तक्रार केली तर म्हणाले, ‘‘पयलं आठ दिवस घरातच तासभर घाला. अंगठ्याला खोबरेल चोळा. पाण्यात नेऊ नका. चामडं तुमच्या पायाचा आकार घेतंय, त्येला वेळ द्या की.’’ हे कुठल्याच खोक्यावर छापलेलं नव्हतं. घरी आल्यावर माळ्यावरची चप्पल खाली काढली.

बोलण्याचा फायदा त्यांनाही होतो. मी असतानाच एक परिचारिका आल्या. दिवसभर उभं राहावं लागतं, वॉर्डात कर्रकर्र आवाज चालत नाही, असं त्यांनी सांगितलं. काकांनी त्यांचं पाऊल नीट पाहिलं आणि आतून वेगळा जोड काढला. एके काळी लोक त्या आवाजासाठीच अडून बसायचे म्हणे! गिऱ्हाईक काय मागतंय, हे कारागिराला असंच समोरासमोर कळतं.

2019 मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ठरावीक भागात बनलेल्या मालालाच ते नाव लावता येतं. आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. आता खऱ्या मालावर क्यूआर कोडही येऊ लागलाय. नकली माल इतका सुटलाय की हे हवंच होतं. पण तो कोड काही तुमचं पाऊल बघत नाही.

मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात, पुण्याच्या भीमथडी जत्रेत बचत गटातल्या कितीतरी जणी गावाकडून येतात. काही आधी बुजून बसलेल्या असतात. वारली चित्र विकणाऱ्या एका ताईंना मी चित्रातल्या चौकाबद्दल विचारलं, आणि लग्नात भिंतीवर काढायचा देवचौक, त्यातली पालघाट देवी, सगळं त्या भरभरून सांगत राहिल्या. मात्र स्टॉलवर गर्दी असेल तेव्हा बाजूला व्हावं. त्यांची विक्रीची वेळ असते ती. दुपारी जा, निवांत बोला.

गेल्या वर्षी माझ्या चप्पलेचा पट्टा तुटला. काकांकडे नेली. त्यांनी वेणीवरून बोट फिरवलं आणि आत हाक मारली, ‘‘अगं, तुझी वेणी परत आली बघ!’’

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. चप्पल बघितली, मग माझे पाय बघितले.

‘‘नंतर चावली न्हाई न्हवं, बाई?’’