बायपासनंतर काकाजींना किती चालवायचं?

नमस्कार श्रोतेहो.

बायपास किंवा अँजिओप्लास्टी होऊन सत्तरीपुढचं माणूस नागपूरहून गावी परत येतं, तेव्हा छपरीत त्याच्यासाठी खाट टाकलेलीच असते. "कायले उठता जी, पडून राहा ना!" सून म्हणते, मुलगा म्हणतो, भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणतो. मायेनंच म्हणतात. पण म्हातारपणी पडून राहिलं की मांड्यांचे स्नायू भराभर झिजतात, आणि मग संडासपर्यंत जायलाही कुणाचा तरी हात लागतो.

म्हणून व्यायाम सुरू करताना आम्ही फिजिओथेरपिस्ट हृदयासोबत अंगातला जोरही तपासतो. आधार कार्डावरचं वय इथं फारसं कामाचं नाही. ऐंशीचे काकाजी धुऱ्याधुऱ्यानं शेत फिरून येतात, आणि पासष्टच्या काकूंना ओट्याची पायरी चढवत नाही.

अमेरिकेतल्या लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली कमजोरीच्या पाच खुणा मांडल्या. प्रयत्न न करता वर्षभरात साडेचार किलो किंवा जास्त वजन उतरणं, सतत थकवा, हाताची पकड सैल होणं, चाल मंदावणं आणि हिंडणं-फिरणं कमी होणं. यातल्या तीन असल्या तर माणूस कमजोर. एक-दोन असल्या तर त्या वाटेवर.

वजनाची खूण मात्र हृदयाच्या पेशंटमध्ये फसवते. हृदय कमी पडलं की अंगात पाणी साचतं, पायांवर सूज येते. काटा तोच आकडा दाखवतो आणि आत मांस झडत असतं. तेव्हा काट्यासोबत मांडी आणि दंडही बघा. उलट दोन-तीन दिवसांतच दोन किलो वजन वाढलं, तर तो जेवणाचा गुण समजू नका, डॉक्टरांना दाखवा.

चालीची परीक्षा सोपी आहे. सपाट जागेवर चार मीटर, म्हणजे साधारण तेरा फूट मोजायचे. माणसानं नेहमीच्या चालीनं चालायचं; हातात काठी असेल तर असू द्या. पाच सेकंदांपेक्षा जास्त लागले तर चाल मंद. दुसरी परीक्षा खुर्चीची. हात छातीवर बांधून पाच वेळा उठायचं, बसायचं. पंधरा सेकंदांच्या वर गेलं तर पायांत जोर कमी. प्लास्टिकची खुर्ची शेणानं सारवलेल्या जमिनीवर सरकते, म्हणून ती भिंतीला टेकवा आणि शेजारी कुणीतरी उभं राहा. नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर हे घरी करू नका, दवाखान्यातच होऊ द्या.

यात नापास झालं म्हणून व्यायाम बंद, असं बरेच जण समजतात. माझ्या मते नेमकं याच माणसाला पुनर्वसन सगळ्यात जास्त हवं. फक्त क्रम बदलतो. आधी तोल आणि पायांची ताकद, मग लांब चालणं. हृदय कमी पडून भरती झालेल्या 349 वयस्क पेशंटवरचा एक अमेरिकी अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. असा बेतून दिलेला बारा आठवड्यांचा व्यायाम घेणाऱ्यांचं चालणं, उठणं, तोल सांभाळणं नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त सुधारलं. पुन्हा भरती होण्याचं प्रमाण मात्र ठळकपणे घटलं नाही, हेही सांगायला हवं.

व्यायामाला खाण्याची जोड लागते. पथ्य म्हणून नुसती पेज देऊ नका. तुरीचं घट्ट वरण, दही, चालत असेल तर अंडं द्या. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून. मीठ-लोणचं मात्र आवरा.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात सकाळी ऊन चढायच्या आत चाला. बायपासनंतर पहिले दोन-तीन महिने विहिरीचं पाणी ओढणं, भरलेली बादली उचलणं नको. छातीचं हाड जुळायचं असतं. छातीत दुखलं, चक्कर आली, बोलताना धाप लागली की तिथंच थांबा. उठल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर बीपीच्या गोळ्यांचं पाकीट घेऊन दवाखान्यात जा. गोळी मनानं बंद करू नका.