विभाजन का थांबलं?

[दृश्य : फ्लास्कमधला गुलाबी द्रव, जवळून]

हा गुलाबी रंग पेशींचा नाही. पेशी ज्या द्रवात वाढतात त्यात फिनॉल रेड नावाचं रंगद्रव्य असतं, आणि पेशींचं आत कसं चाललंय ते इथल्या माणसांना त्यावरूनच कळतं. पेशी वाढतात, आम्ल सोडतात, गुलाबीचा नारिंगी होतो, नारिंगीचा पिवळा. पिवळा दिसला की मीडिया, म्हणजे हा द्रव, बदलायचा, रविवार असला तरी. एका रात्रीत पिवळा आणि वर गढूळही झाला, तर आत जिवाणू शिरलेत असं समजायचं. फ्लास्क टाकून द्यायचा आणि पहिल्यापासून सुरुवात.

विद्यापीठातल्या कर्करोग प्रयोगशाळेत दिवसाचा मोठा भाग यातच जातो. हातमोज्यांवर अल्कोहोल फवारायचं, हूडमध्ये, म्हणजे जंतू आत येऊ न देणाऱ्या कपाटात, हात घालायचे, जुना द्रव शोषून काढायचा, नवा घालायचा, फ्लास्क परत इनक्युबेटरमध्ये. तिथे ३७ अंश सेल्सिअस तापमान आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. हे सगळं करणारे बहुतेक पीएचडीचे विद्यार्थी. प्रयोगशाळेच्या दारावरची पाटी मात्र दुसऱ्याच्या नावाची असते.

[दृश्य : टाकीचं झाकण उघडतं, पांढरी वाफ]

द्रवरूप नायट्रोजन. उणे १९६ अंश. या कुप्यांमधल्या काही पेशी हीला नावाच्या आहेत. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या ३० वर्षांच्या स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून त्या घेतल्या गेल्या. तिला न विचारता. ती त्याच वर्षी गेली. पेशी जगभर पोहोचल्या, आणि घरच्यांना हे कळायला १९७० चं दशक उजाडावं लागलं.

[दृश्य : टाइम-लॅप्स, एका पेशीच्या दोन]

आता इथे बघा. पसरलेली पेशी आधी गोल होते. गुणसूत्रं मधोमध रांगेत येतात. दोन्ही टोकांकडून धागे ताणले जातात.

[निवेदन थांबतं. फक्त चित्र.]

माणसाच्या शरीरातली साधी पेशी प्रयोगशाळेत साधारण ४० ते ६० वेळा विभागते आणि थांबते. दर विभाजनात गुणसूत्रांची टोकं थोडी झिजतात, आणि पुरेशी झिजली की पेशी पुढे विभागत नाही. बहुतेक कर्कपेशी टेलोमरेज नावाचं विकर पुन्हा सुरू करून ही झीज भरून काढतात. म्हणून या थांबत नाहीत.

पडद्यावरच्या या ताणलेल्या धाग्यांपासून औषधाची एक गोष्ट सुरू होते, आणि गंमत म्हणजे त्या गोष्टीत सुरुवातीला कर्करोग कुठेच नाही.

बार्नेट रोझेनबर्ग हे जीवभौतिकीचे संशोधक, मिशिगन स्टेट विद्यापीठातले. विभागणाऱ्या पेशीची छायाचित्रं पाहून त्यांना चुंबकाभोवती पसरलेला लोखंडाचा कीस आठवला. आकार इतका सारखा आहे, तर विद्युतक्षेत्राचा विभाजनावर परिणाम होत असेल का? एवढाच प्रश्न. ते तपासायला त्यांनी जिवाणूंच्या द्रवात प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड बसवले. प्लॅटिनमच का, तर हा धातू कशाशी अभिक्रिया करत नाही अशी समजूत होती म्हणून.

[दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली लांब, दोऱ्यासारखे जिवाणू]

हे चित्रण आजचं आहे, पण तेव्हा दिसलं ते असंच. वीज सुरू केल्यावर जिवाणू मेले नाहीत. वाढत राहिले, फक्त विभागेनात. काही तर नेहमीच्या लांबीच्या ३०० पटीपर्यंत गेले.

क्षेत्राचा परिणाम सापडला, असं जाहीर करायला हा क्षण मोहाचा होता. रोझेनबर्ग यांच्या गटानं ते केलं नाही. द्रवाचं तापमान, आम्लता, विजेची वारंवारता, एकेक शक्यता तपासून बाजूला काढली. शेवटी दोषी निघालं ते निष्क्रिय समजलेलं प्लॅटिनमच. वीज जाताना त्याचे सूक्ष्म अंश द्रवात उतरत होते आणि अमोनियम क्लोराइडशी मिळून नवी संयुगं बनवत होते. विभाजन थांबवत होती ती संयुगं. विजेचा यात थेट हात नव्हताच.

हे १९६५ साली छापून आलं. त्यांपैकी जे संयुग पुढे सिसप्लॅटिन म्हणून ओळखलं गेलं, ते रसायनशास्त्रज्ञांना १८४५ पासून माहीत होतं. शंभरहून जास्त वर्षं ते माहीत असून पडून होतं, कारण त्याला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. विभागणारा जिवाणू थांबतो, मग विभागणारी गाठ? उंदरांवरचे निष्कर्ष १९६९ मध्ये आले, अमेरिकेत औषध म्हणून मान्यता १९७८ मध्ये. शरीरभर पसरलेला वृषणाचा कर्करोगही त्यानंतर बरा होऊ लागला. मूत्रपिंडं आणि कान यांना त्याचा त्रास होतो, तो आजही होतो.

संशोधनाला निधी मागताना अर्जात अपेक्षित उपयोग लिहावा लागतो. रोझेनबर्ग यांनी तिथे काय लिहिलं असतं?

[दृश्य : ९६ खळग्यांची प्लेट, जांभळा रंग फिकट होत जातो]

आठ ओळी, बारा स्तंभ. डावीकडून उजवीकडे औषधाची मात्रा वाढत जाते. वरून घातलेलं पिवळं रसायन जिवंत पेशी जांभळं करतात, मेलेल्या करू शकत नाहीत. त्यामुळे आधी गडद, मग फिकट, मग पिवळंच राहिलेलं. हीच प्लेट पुन्हा करायची. मग पुन्हा. आकडे जुळेपर्यंत त्यांना इथे कुणी निष्कर्ष म्हणत नाही.

[दृश्य : पडद्यावर फिरणारी प्रथिनाची आकृती]

हे केरास. पेशीला 'वाढ' म्हणणारं बटण. जनुकातलं एकच अक्षर बदलतं आणि बटण दाबलेलंच राहतं. माणसाच्या गाठीतले असे बदल १९८२ मध्येच सापडले होते, पण या प्रथिनाला औषध चिकटायला जागाच दिसेना. याच्या वाटेला जाऊ नका, हा सल्ला पुढे कितीतरी वर्षं दिला गेला. २०१३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या केव्हन शोकाट यांच्या गटानं या प्रथिनाच्या एका बदललेल्या रूपात छोटा खळगा दाखवला. रेणू आत शिरला तरच उघडणारा, म्हणून आधीच्या आकृत्यांमध्ये न दिसलेला. आकृती थांबवली आहे, तो इथे, डाव्या बाजूला.

त्या खळग्यात बसणाऱ्या पहिल्या औषधाला २०२१ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. बऱ्याच रुग्णांत गाठ काही महिन्यांतच दाद देईनाशी होते.

[दृश्य : पुन्हा हूड, विद्यार्थिनी फ्लास्कवर तारीख लिहिते]

म्हणून हा फ्लास्क. औषध देऊनही तगलेल्या पेशी यात वाढवल्या जात आहेत, मात्रा थोडी थोडी वाढवत, महिनोन्‌महिने. मग त्यांचा डीएनए वाचायचा आणि सुटका कुठून झाली ते शोधायचं. कधी केरासमध्येच नवा बदल सापडतो, कधी पेशीनं दुसरी वाट धरलेली असते. आणि कधी डीएनए होता तसाच असतो, पेशीचं वागणंच तेवढं बदललेलं. या विद्यार्थिनीला त्या तिसऱ्या प्रकारात रस आहे. मंजूर झालेल्या अर्जात तो प्रश्न नव्हता. तो पुढच्या अर्जात घालावा की नाही, यावर प्रयोगशाळेच्या बैठकीत चांगलाच वाद झाला. आमचा कॅमेरा तेव्हा बाहेर होता.