‘ते तर घरचंच काम होतं, मॅडम’

(साताऱ्यात पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

गेली 22 वर्षं मी साताऱ्यात आणि शिरवळला कारखान्यांसाठी माणसं निवडायचं काम करते आहे. या काळात हातून झालेली एक चूक मला अजून बोचते. तिथूनच सुरुवात करते.

आम्हाला स्टोअरमध्ये माणूस हवा होता. आलेला माल मोजून घ्यायचा, नोंद ठेवायची, महिनाअखेर हिशोब जुळवायचा. अर्जांच्या गठ्ठ्यात कोरेगाव तालुक्यातल्या एका बी.कॉम. झालेल्या मुलाचा सीव्ही होता. सगळ्यात वर करिअर ऑब्जेक्टिव्ह: आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीला हातभार लावण्याची इच्छा. त्याखाली दहावी-बारावीची टक्केवारी. अनुभवापुढे ‘फ्रेशर’. छंद क्रिकेट आणि गाणी ऐकणे. हेच वाक्य आणि हेच छंद असलेले कितीतरी सीव्ही त्या गठ्ठ्यात होते. मी तो बाजूला ठेवला.

काही महिन्यांनी एका सहकाऱ्याच्या गावी यात्रेला गेले होते. संध्याकाळची वेळ, डेअरीत दूध घालायला बायामाणसांची रांग लागलेली. काट्यावर एक मुलगा. दूध मोजून घेतोय, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) बघून पावती देतोय, आज फॅट कमी का लागली ते एका आजींना न चिडता समजावतोय. मी कुठल्या कंपनीतून आले ते कळल्यावर म्हणाला, ‘मॅडम, मी तुमच्याकडे अर्ज केला होता.’ कॉलेज सांभाळून 4 वर्षं, सकाळ-संध्याकाळ तो हे काम करत होता. गावातले दीडशे लोक तिथं दूध घालायचे आणि दर 10 दिवसांची त्यांची बिलं तोच काढायचा.

मी विचारलं, ‘अरे, मग अर्जात हे का नाही लिहिलंस?’

तो म्हणाला, ‘ते तर घरचंच काम होतं, मॅडम. वडिलांचं सेंटर आहे.’

आम्हाला नेमका असाच माणूस हवा होता, आणि जागा तर भरून गेली होती. मला वाईट वाटलं ते या गोष्टीचं की त्यानं जे स्वतःचं होतं ते झाकलं आणि जे कुणाचंच नव्हतं ते उतरवून काढलं.

ही सवय लागते कुठून? मला वाटतं, ‘बायोडेटा’ या शब्दातच घोळ आहे. आपल्याकडे लग्नाचाही बायोडेटा आणि नोकरीचाही बायोडेटा. झेरॉक्सच्या दुकानात दोन्हींचे नमुने एकाच कॉम्प्युटरवर असतात. म्हणून मग नोकरीच्या कागदावर उंची येते, धर्म-जात येते, वडिलांचा व्यवसाय येतो, विवाहित की अविवाहित तेही येतं. एका अर्जात मी रास वाचलेली आहे. खासगी कंपनीला यातलं काहीही नको असतं. सरकारी भरतीत प्रवर्ग विचारतात, तो त्यांच्या फॉर्मवर भरा, सीव्हीवर नको. आधार, पॅन, बँक खातं यांचे क्रमांक तर मुळीच लिहू नका. ते लागतात नोकरी मिळाल्यावर. हा कागद किती हातांतून फिरतो याचा तुम्हाला अंदाज नाही. ‘वरील माहिती सत्य आहे’ असं खाली घोषणापत्र घालतात, त्याचीही गरज नाही. सीव्ही म्हणजे ‘करिक्युलम व्हिटे’, आणि या लॅटिन शब्दांचा अर्थ आयुष्याची वाटचाल. तुम्ही काय काय चालून आलात, तेवढंच वाचणाऱ्याला हवं असतं.

आणि हे मी कुठं उभी राहून सांगते आहे? साताऱ्यात. भाऊराव पाटलांनी 1919 साली काले इथं रयत शिक्षण संस्था काढली, 1924 ला ती साताऱ्यात आणली, आणि मुलांनी राबून शिकायचं यात कमीपणा नाही हे या जिल्ह्याला शिकवलं. ते स्वतः किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडलेले. त्या गावातली मुलं ‘कमवा आणि शिका’तलं काम सीव्हीवर लिहायला लाजतात. मी एका मुलीला विचारलं तर म्हणाली, ‘गरिबी दिसते त्यातनं.’ पोरींनो, पोरांनो, त्यातून गरिबी दिसत नाही. दोन वर्षं रोज ठरल्या वेळी ग्रंथालयात हजर राहून पुस्तकांच्या नोंदी करणारी मुलगी दिसते. अशा माणसाच्या शोधात आम्ही जाहिराती देतो.

आता लिहायचं कसं. आधी मराठीत लिहा, बोलता तसं. कुठं केलं, किती दिवस केलं, किती माणसांसाठी किंवा किती मालाचं केलं, आणि तुमच्या हातात नेमकं काय होतं. त्या डेअरीतल्या मुलाचं असं होईल: ‘वडिलांच्या दूध संकलन केंद्रात 4 वर्षं, रोज 2 वेळा संकलन, सुमारे 150 उत्पादकांच्या नोंदी, दर 10 दिवसांनी बिलं.’ एवढ्या दोन ओळी आणि माणूस उभा राहिला. मग त्याचं इंग्रजी करा, साध्या क्रियापदांचं. मोजलं, नोंदवलं, वाटलं, दुरुस्त केलं. थेट इंग्रजीत लिहायला बसलात की हात आपोआप दुसऱ्याच्या वाक्यांकडे जातो.

आकडा मात्र खरा लिहा. दीडशेचे पाचशे करू नका. मुलाखतीत मी एकच विचारते: संकलनाचं माप आणि टँकरवाल्याचं माप यात फरक आला तर काय करायचास? ज्यानं काम केलंय त्याचे डोळे चमकतात, तो पाच मिनिटं बोलायचा थांबत नाही. ज्यानं केलेलं नाही तो छताकडे बघतो.

इथं बसलेल्यांपैकी काहीजण स्पर्धा परीक्षांची तयारी करताहेत किंवा करणार आहेत. त्यांच्या घरची माणसं बहुधा मागं बसली आहेत. तयारीत 3-4 वर्षं जातात, पद मिळत नाही, आणि मग सीव्हीवर त्या वर्षांच्या जागी कोरी जागा सोडतात किंवा खोटी नोकरी लिहितात. खोटी नोकरी एका फोनवर उघडी पडते, आणि कोरी जागा बघून आम्ही नाही नाही ते तर्क करतो. सरळ लिहा: ‘2021 ते 2024, राज्यसेवा परीक्षेची तयारी, पूर्व परीक्षा 2 वेळा उत्तीर्ण.’ पूर्वही निघाली नसेल तरी तयारीची वर्षं लिहा आणि त्या काळात शिकवण्या घेतल्या असतील, अभ्यासिका सांभाळली असेल तर तेही. त्या वर्षांची लाज बाळगावी असं त्यात काही नाही, हे मी पालकांनाही सांगते.

दुसरी माणसं म्हणजे फौजेतून परतलेली. घरोघरी फौजी असलेल्या अपशिंगे मिलिटरी गावाचा हा जिल्हा. 17 वर्षं नोकरी करून आलेला हवालदार माझ्यापुढे कागद ठेवतो, त्यावर ‘माजी सैनिक, सिक्युरिटीचं काम चालेल’ एवढंच. विचारलं की कळतं, युनिटच्या 12 गाड्यांची देखभाल, इंधनाचा हिशोब, चालकांच्या पाळ्या, सगळं त्याच्याकडे होतं. कारखान्यात या कामाला ट्रान्सपोर्ट सुपरवायझर म्हणतात आणि पगारात बराच फरक असतो! फौजेतलं पद नागरी माणसाला समजत नाही, काम समजतं, ते लिहा. युनिट कुठं होतं, तैनाती कशी होती, हे तपशील मात्र कागदावर आणायचे नाहीत. 2022 पासून अग्निवीर भरती 4 वर्षांची झाली, आणि त्यातल्या जास्तीत जास्त चौथ्या हिश्शाला पुढं कायम ठेवणार आहेत. म्हणजे ऐन पंचविशीच्या आत हा कागद लिहावा लागणारी मुलं घरोघरी असतील. तुमचा भाऊ त्यात असेल तर त्याच्याशेजारी बसून लिहून घ्या.

बाकीचं झटपट. फ्रेशरला एक पान पुरतं. जाहिरात वाचा आणि तिच्यातला जो शब्द तुम्हाला खरोखर लागू आहे तोच वापरा, कारण मोठ्या कंपन्यांत पहिली चाळणी सॉफ्टवेअर लावतं. चौकटी, दोन-दोन रकाने आणि नक्षी त्याला नीट वाचता येत नाही. फाईल पीडीएफ करा आणि तिला स्वतःचं नाव द्या. ईमेल आयडी नावाचाच असू द्या. फोन नंबर चालू असू द्या. निवड झालेल्या मुलाला तीन दिवस फोन करून शेवटी दुसऱ्याला बोलावल्याचं मला आठवतं. आणि सीव्ही पाठवल्यावर कुणी नोंदणीचे, प्रशिक्षणाचे, गणवेशाचे पैसे आधी मागितले तर एक रुपया देऊ नका.

आता वह्या काढा. छंद आणि ऑब्जेक्टिव्ह आज लिहायचं नाही. घरचं, शेतातलं, दुकानातलं, मंडळातलं, जे काम तुम्ही सलग 3 महिने तरी केलंय, ते एक मराठीत लिहा, आकड्यासकट. मी इथंच टेबलापाशी बसते आणि प्रत्येकाचं वाचते. पाटण आणि दहिवडीकडच्यांना गाड्या पकडायच्या आहेत, त्यांनी आधी या.