समुद्राकाठचं म्युझियम आणि आपली पोरं

नमस्कार मंडळी. कोपनहेगनला फिरायला जाणारी किंवा नोकरीमुळे तिकडेच राहणारी मराठी कुटुंबं आता बरीच आहेत, आणि त्यातले आईबाबा हमखास विचारतात की लहान मुलांना घेऊन आर्ट म्युझियममध्ये जावं का, पोरं कंटाळणार नाहीत का? मी म्हणते तिथल्या लुईझियाना या आधुनिक कलेच्या म्युझियमला जा, नक्की जा, फक्त तिकिटाचे पैसे वसूल करायला सगळं बघायचंच असं ठरवून जाऊ नका.

कोपनहेगनच्या उत्तरेला साधारण ३५ किलोमीटरवर हुमलेबेक म्हणून गाव आहे, ट्रेनने अर्धा-पाऊण तास, पुढे थोडं चालत. चीजचे व्यापारी असलेल्या क्नुड येन्सन यांनी १९५८ मध्ये तिथे हे म्युझियम उघडलं, समुद्राकाठचा एक जुना बंगला घेतला आणि योर्गन बो आणि विल्हेल्म वोलर्ट या आर्किटेक्टकडून त्याला जोडून लांबच लांब काचेचे पॅसेज बांधून घेतले, तेही असे की जुनी झाडं आणि जमिनीचा चढउतार सांभाळला गेला. त्यामुळे होतं काय, की एका बाजूला चित्र असतं आणि दुसऱ्या बाजूला हिरवळ, आणि मुलं चुळबूळ करायला लागली की सरळ बागेत निघायचं, दम खायचा, परत आत यायचं.

म्हणून माझं तर मत आहे की सुरुवातच बागेतून करा. समोर ओरेसुंडची सामुद्रधुनी, हवा स्वच्छ असेल तर पलीकडे स्वीडनचा किनारा दिसतो, पोरांना दुसरा देश असा नुसत्या डोळ्यांनी दिसतो याचंच केवढं अप्रूप! तिथेच ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं पहुडलेल्या बाईचं मोठं ब्राँझ शिल्प आहे. आणि कॅफेच्या बाहेरच्या मोकळ्या जागेत अमेरिकन शिल्पकार काल्डरची शिल्पं, त्यातल्या एकाचं नाव लिटल जेनी-वेनी, वारा आला की त्याचे वरचे भाग हलतात. मुलांना काही समजावायला जाऊ नका, फक्त विचारा, हे कशामुळे हलतंय? मग बघा कशी बडबड सुरू होते ती.

आत गेलात की स्विस शिल्पकार जाकोमेत्तीची दालनं बघा. लांबलचक, बारीक, काडीपैलवान माणसं, आणि मागे मोठ्या खिडकीतून दिसणारं तळं, इथे मुलं आपोआप त्या पुतळ्यांसारखी उभी राहून बघतात, राहू द्या त्यांना, फक्त हात लावायचा नाही हे आधीच सांगून ठेवा. जपानी कलाकार यायोई कुसामाची आरशांची खोलीही चुकवू नका, खाली पाणी, चहूकडे आरसे आणि वरून लटकणारे रंग बदलणारे दिवे. एका वेळी थोडेच लोक आत सोडतात, त्यामुळे रांग असते. अंधाराला घाबरणारं लेकरू असेल तर त्याला कडेवर घ्या.

आणि मुलांसाठी तिथे १९९४ पासून वेगळी तीन मजली इमारत आहे, पोरं तिथे रंग, माती, कागद घेऊन स्वतः काहीतरी करतात, बऱ्याचदा म्युझियममध्ये चालू असलेल्या प्रदर्शनाशी जोडलेलं. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण आत्ताच बघितलेला तो लांबट माणूस आपल्या हाताने मातीत करताना मुलाला कळतं की पाय एवढे बारीक केले तर तो उभाच राहत नाही, आणि मग ते मूल परत त्या दालनात जायचं म्हणतं, स्वतःहून! आपण कितीही माहिती दिली तरी हे होत नाही. म्हणून दोन दालनं, बाग आणि ही इमारत, एवढंच ठरवा, बाकीचं राहिलं तर राहू दे.

अठरा वर्षांखालच्यांना तिकीट नाही, मोठ्यांचं मात्र चांगलंच महाग आहे. समुद्राचा वारा उन्हाळ्यातही बोचतो, जॅकेट घ्याच. मंगळवार ते शुक्रवार रात्री दहापर्यंत उघडं असतं, शनिवार-रविवारी सहाला बंद होतं आणि सोमवारी पूर्ण सुट्टी, तेव्हा वार बघूनच ट्रेन पकडा.