वरचा आकडा, खालचा आकडा आणि मधलं अंतर

श्रोतेहो, नमस्कार.

'वरचं बीपी जरा वाढलंय, पण खालचं अगदी छान आहे,' असं साठीपुढची माणसं समाधानाने सांगतात. आकडे १६० आणि ७० असतील, तर हे समाधान फसवं आहे. वरच्यातून खालचा वजा करा. उरतात ९०. या वजाबाकीला नाडीदाब किंवा पल्स प्रेशर म्हणतात. १२०/८० असताना तो ४० येतो. उतारवयात तो कायम ६०च्या वर राहू लागला, की हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो.

असं का होतं? हृदयाने रक्त ढकललं की महाधमनीची, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीची, लवचीक भिंत फुगते आणि हृदय सैलावताच आक्रसून ते रक्त पुढे लोटते. म्हणून दोन ठोक्यांच्या मध्येही दाब टिकतो. वय, मधुमेह, तंबाखू आणि वर्षानुवर्षं वाढलेलं बीपी यांमुळे ही भिंत ताठर होते. मग ठोक्यासरशी दाब उसळतो, तो वरचा आकडा; आणि मधल्या वेळात खाली येतो, तो खालचा आकडा. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः याच मधल्या वेळात! म्हणजे कष्ट वाढले, पुरवठा घटला. तरुण वयात अंतर मोठं दिसलं, तर महाधमनीची गळकी झडप, थायरॉइड आणि रक्तक्षय तपासून घ्यावा लागतो.

मोजमाप चुकलं तर वजाबाकीही चुकते. चहा किंवा तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्या, लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या उंचीवर हवा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटा वाढतो. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही आकडे लिहा. नुसतं अंतर कमी करणारी वेगळी गोळी नाही. वरचा दाब आटोक्यात ठेवणं हाच उपचार. खालचा आकडा कमी दिसला म्हणून गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना वही दाखवा. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, लोणचं-पापड धरून.

अंतर फार कमी होणंही वाईट. पावसाळ्यात डेंग्यूच्या रुग्णाच्या बाबतीत हे नक्की लक्षात ठेवा. ताप उतरताना, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी, रक्तातलं पाणी केशवाहिन्यांतून, म्हणजे केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांतून, बाहेर झिरपू शकतं. तेव्हा बीपी १००/८२ दिसतं आणि घरचे म्हणतात, 'बरं आहे की!' पण अंतर फक्त १८ आहे. ते २० किंवा त्याहून कमी असेल, हातपाय गार पडत असतील, पोट फार दुखत असेल, तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालय गाठा.